पपनसाच्या चार फोडी

ब्रॉसार्ड या परदेशातल्या, फ्रेंच बोलणाऱ्या गावात आमच्या शेजारच्या घरात एक चिनी बाई राहते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, म्हणजे अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. नवरा गेल्यावर ती मुलीकडे राहायला आली. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. तिला फ्रेंचमधले दहाएक शब्द येतात, मला साठेक, पण तिचे दहा माझ्या साठांपेक्षा कामाचे.

आमचं खरं बोलणं चालायचं ते एका स्टीलच्या डब्यातून. पहिल्यांदा मी त्यातून गुरगुट्या भात नेला, वर मेतकूट. चिनी लोक असाच मऊ भात सकाळी खातात हे मला ठाऊक होतं. चार दिवसांनी डबा परत आला तो सोललेलं पपनस घेऊन. प्रत्येक फोडीवरचा पापुद्रा काढलेला आणि एकही फोड मोडलेली नाही! भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपलीच रीत असं मी आजवर समजत होते. आता तिलाही चैन पडेना आणि मलाही. वर्षभर तो डबा दोन घरांमध्ये येरझाऱ्या घालत राहिला.

मग एकदा कुंपणाशी तिची मुलगी भेटली. इंग्रजीत म्हणाली, आईला झोप नाही, जेवण नाही, छातीवर दगड ठेवलाय म्हणते, आणि तपासण्यांमध्ये काहीच सापडत नाही. मी पस्तीस वर्षं फॅमिली डॉक्टर होते. असे दगड घेऊन आलेले पेशंट मी पुष्कळ पाहिलेत. आपल्याकडच्या बायका तरी कुठे उदास आहे म्हणतात? त्यांची पाठ दुखते.

"डिप्रेशन?" मी विचारलं.

"डॉक्टर तेच म्हणाले. औषध चालू आहे. पण आंटी, आईसमोर तो शब्द नको."

यानंतर मी माझा शहाणपणा दाखवला. आजारी बाईच्या मागे डबा भरायचं लचांड कशाला? पुढच्या वेळी फेकून द्यायच्या फॉइलच्या ट्रेमधून भात नेला आणि हातवारे करून सांगितलं, परत काही नको. तिने ट्रे दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

"अहो, तिचं टेन्शन कमी करून आले," मी घरी येऊन म्हटलं.

"तिला विचारलंस का?" नवरा म्हणाला.

मला रागच आला. जन्मभर पूल बांधणाऱ्या माणसाने मला पेशंट शिकवायचे!

तीन आठवडे तिच्या खिडकीचं ब्लाइंड वर गेलं नाही. मी आणखी दोन ट्रे देऊन आले. दोन्ही वेळा दार मुलीने उघडलं. मग एका दुपारी ती मुलगीच बर्फ तुडवत आमच्याकडे आली.

"आंटी, तो स्टीलचा डबा परत सुरू कराल?" ती दारातच उभी राहून सांगू लागली. "तो आला की आई पलंगाशेजारी ठेवायची. एक दिवस नुसती बघत बसायची. दुसऱ्या दिवशी उठून घासायची. तिसऱ्या दिवशी आंघोळ करायची, कारण फळं घ्यायला माझ्याबरोबर दुकानात जायचं असायचं. चौथ्या दिवशी सकाळपासून सोलत बसायची. आता ट्रे फेकला की झालं. ती उठतच नाही."

त्या फोडी मी टीव्हीसमोर बसून, मिटक्या मारत खाल्ल्या होत्या. दवाखान्यात मी पेशंटकडून फॉर्म भरून घ्यायचे, तुमचं जगणं कसं चाललंय, एक ते पाचमधल्या आकड्याला गोल करा. पलंगापासून पपनसापर्यंत चार दिवस चालत जाणारी बाई त्या फॉर्मात मला कधी दिसली नव्हती. आणि ती वर्षभर, दर वेळी, पुन्हा पहिल्यापासून चालत आली होती. मला स्वतःची लाज वाटली, पण त्याहून जास्त मी थक्क झाले.

दुसऱ्या दिवशी डब्यातून भात गेला. चार दिवस झाले, आठ झाले. मी खिडकीपाशी उगाच घुटमळायचे. फार उशीर केला का आपण?

अकराव्या दिवशी बेल वाजली. दारात ती स्वतः होती. गाऊनवर कोट आणि पायात मुलीचे मोठे बूट. डब्यात पपनसाच्या चारच फोडी होत्या. दोन नीट सोललेल्या, दोन पापुद्र्यासकट. त्या दोन फोडींकडे बोट दाखवून तिने हात हलवला. आज एवढंच झालं.

मी तिच्यासमोर उभ्या उभ्या चारही खाल्ल्या, पापुद्र्यासकट. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"भात? उद्या?" मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं.

तिने मान हलवली, नाही. मग जरा वेळ विचार केला आणि दोन बोटं वर केली. परवा.