कोपरा फाटलेलं पाकीट

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुठलीही वस्तू हातात आली की ती आतून कशी आहे हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. या खोडीपायी मी सातवीत असताना घरातलं एकुलतं एक घड्याळ उघडलं आणि वडिलांचा मार खाल्ला. वडील, म्हणजे आमचे आबा, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते; त्यांचं मारणंही शिस्तीत असे. पुढे याच खोडीपायी मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, सांगलीजवळ माधवनगरच्या एका सूतगिरणीत दुरुस्ती खात्यात लागलो, आणि तेविसाव्या वर्षी परदेशात जाऊन इंजिनिअरिंगची पदवी घ्यायचं खूळ डोक्यात घेतलं.

अर्ज दोन केले. एक इंग्लंडला, एक पश्चिम जर्मनीला. इंग्लंडचा अर्ज सांगलीच्या खोलीत बसून भरला म्हणून त्यावर सांगलीचा पत्ता. जर्मनीचा दिवाळीच्या सुटीत रहिमतपूरला भरला, त्यावर घरचा. यात विचार असा काही नव्हता. जिथे बसलो तिथला पत्ता घातला.

इंग्लंडचं उत्तर फेब्रुवारीत आलं. प्रवेश मिळाला होता. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, सुरुवात ऑक्टोबरात, होकार एप्रिलअखेर कळवायचा. ऊस त्या साली बरा गेला होता आणि मामाही मदत करणार होते, त्यामुळे खर्चाची चिंता नव्हती. खरं तर लगेच होकार धाडायला हवा होता. पण जर्मनीचं उत्तर आल्याशिवाय मला राहवेना. ते लोक काय म्हणतात हे कळायलाच हवं होतं.

दरम्यान मी गिरणीतल्या मिस्त्रींना गाठलं. पन्नाशीचा माणूस, शाळा चौथीपर्यंत, पण चालत्या यंत्राचा आवाज ऐकून कुठल्या चाकाचा दात झिजलाय ते सांगायचे. आमच्याकडे सूत कातायची यंत्रं इंग्लंडची होती आणि सूत गुंडाळायचं एकच यंत्र जर्मनीचं. मी त्यांना दोन्ही देशांचं सांगितलं, तसे ते मला दोन्ही यंत्रांपुढे घेऊन गेले.

"ह्यो विलायतेवाला बग. कितींदा उघडलाय त्येची गिनती न्हाई. पर उघडाया लय सोपा. आन त्यो जर्मन, आट वर्सांत एकडाव उघडला, त्योबी तेल बदलाया."

"मग चांगलं कुठलं, मिस्त्री?"

"चांगलं-वाईट इचारू नगं, गड्या. तुला बिघडल्यालं नीट कराया शिकायचंय, का बिघडूच नये असं कराया शिकायचंय? ते आदी ठरव."

मला ते जर्मन यंत्र आतून बघायचंच होतं. पुढच्या सुटीच्या दिवशी गिरणी बंद असताना आम्ही दोघांनी परवानगी काढून त्याचं झाकण उघडलं. मी आतल्या चाकांवर वाकलो. दात एकमेकांत असे बसले होते की मध्ये सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागदसुद्धा जाईना. हे दात कोण कापत असेल, कशानं कापत असेल, मोजत कसे असतील, या प्रश्नांनी त्या दिवसापासून माझा पिच्छा पुरवला. खिशातल्या इंग्लंडच्या पत्राची गोडी कमी झाली ती तिथेच. पण जर्मनीहून काही येईना. मार्च गेला. नकारही न कळवण्याइतके हे लोक शिष्ट असतील असं मनाशी म्हणत मी एप्रिलमध्ये चार दिवसांची रजा घेऊन गावी गेलो.

घरात पाऊल टाकलं आणि काहीतरी बिनसलंय हे कळलं. आईनं जेवलास का म्हणून विचारलं नाही. तव्यावर भाकरी करपत होती आणि ती चुलीतल्या जाळाकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "दादाचं पत्र आलं का रं तुला?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो फौजेत होता. पाकिस्तानशी लढाई थांबून सहा-सात महिने झाले होते, पण त्याची तुकडी अजून सरहद्दीकडेच होती आणि त्याची पत्रं वेळेवर येत नव्हती.

"नाही. का गं?"

"उगंच."

तिसऱ्या दिवशी दुपारी दादाचं पत्र आलं. वडील उसाला पाणी द्यायला गेले होते. आईला वाचता येत नसे, म्हणून मी वाचून दाखवलं. खुशाल आहे, थंडी सरली, मे महिन्यात रजा मिळेल. आईनं ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "कवा लिवलंय ह्ये?"

"आठ दिवसांपूर्वी."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि ती उंबऱ्यावर बसून रडायला लागली. मला काही उलगडेना. मग ती उठून गोठ्यात गेली आणि आढ्याच्या वाशामागून फडक्यात गुंडाळलेलं एक पाकीट घेऊन आली. "वीस दिस झालं ह्येला," म्हणाली. पाकीट परदेशी होतं आणि त्याचा वरचा कोपरा फाडलेला होता.

आमच्याकडे मयताची खबर कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडतात. असं पत्र उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. पोस्टमननं कोपरा नसलेलं पाकीट हातात दिलं, तेव्हा आईनं त्यावरचा परका छाप बघितला नाही, फक्त कोपरा बघितला. तिला एकच मुलगा आठवला.

मी चिडलो. खोटं कशाला सांगू, आधी चिडलोच. "आई, फौजेतली तसली खबर तारेनं येते. तुला माहीत आहे. निदान आबांना तरी दाखवायचंस."

"म्हाईत हाय मला. तुज्या आबाला दावलं असतं तर त्येनं तितंच फोडलं असतं." फडक्याची घडी घालत ती म्हणाली, "वाचलं न्हाई तवर त्यो हाय, असं वाटायचं मला."

वीस दिवस ती हे एकटीनं घेऊन बसली होती. त्याच गोठ्यात रोज धारा काढत होती. माझा राग गेला आणि मला स्वतःची लाज वाटली. पण खोड कुठे जाते? पत्र फोडण्याआधी मी तो कोपराच निरखला. फाडला होता तिथे टपालाच्या शिक्क्याची अर्धी कड राहिली होती. वाटेत कुणाला तरी तिकीट आवडलं आणि त्यानं ते कोपऱ्यासकट नेलं, एवढाच प्रकार.

आत प्रवेशाचं पत्र होतं. आधी सहा महिने कारखान्यात हातानं काम, सोबत भाषा, मग पदवी. सगळं मिळून सहा वर्षं. उत्तराला दहा दिवस उरले होते. तारेनं जमण्यासारखं होतं. कारखान्याची ओळ मी तीनदा वाचली. ते दात कोण कापतं हे आता मला प्रत्यक्ष बघता येणार होतं.

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "बोलवत्यात का तुला?"

"हो."

"किती वर्सं?"

तिचे डोळे अजून ओले होते. सरहद्दीवरच्या मुलासाठी ती आत्ताच रडून उठली होती, आणि मी तिचा दुसरा मुलगा होतो.

"तीन," मी म्हणालो.

"आन विलायतेला?"

"तिथंही तीनच."

"मग सारकंच की. आन तू इचार कसला करतूस? मन म्हणतंय तितं जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जर्मनीला होकाराची तार केली आणि इंग्लंडला दिलगिरीचं पत्र टाकलं. दोन्ही कामं करताना मी आनंदात होतो, हेही इथे लिहायला हवं.

मी परदेशात गेल्यावर वडील दर महिन्याला पत्र लिहायचे. ऊस, पाऊस, दादाची बढती. तीन वर्षं पूर्ण झाली त्या महिन्याच्या पत्रात शेवटी एक जादा ओळ होती. "तुझी आई सांगते आहे की, तीन वर्षे झाली."

मी उत्तरात चार पानं लिहिली. कारखान्यात दात कसे कापतात, कशानं मोजतात, सगळं सविस्तर लिहिलं. त्या ओळीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. पुढच्या महिन्याच्या पत्रात ती ओळ नव्हती, आणि नंतर कधीच आली नाही.