डाव्या हाताचं पेन

मी डावखुरी. आमच्याकडे डेबरी म्हणतात. लहानपणी मला त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण माझे वडील मला बोरू तासून देताना त्याचा काप उलट्या बाजूने घ्यायचे. इतर मुलींच्या बोरूने मला लिहिता येत नसे आणि माझ्या बोरूने त्यांना, एवढाच काय तो फरक. शाळेतल्या गुरुजींनी एकदोनदा हातावर छडी मारली, मग तेही कंटाळले.

खरी अडचण झाली ती शिक्षिका होण्यासाठी ट्रेनिंगला भंडाऱ्याला गेल्यावर. तिथे टाक आणि दौत. उजव्या हाताने लिहिणारा माणूस निब आपल्यामागे ओढत नेतो. डाव्या हाताने लिहिणाऱ्याला ती पुढे ढकलावी लागते, आणि ढकलली की तिचं टोक कागदात रुततं. अक्षरं कशीबशी निघायची, पण शिरोरेघ ओढताना निब हटकून अडायची, कागद फाटायचा आणि शाईचे थेंब उडायचे. शेवटी मी शिरोरेघ उलटी, उजवीकडून डावीकडे ओढायला लागले. त्यात ओल्या शाईवरून हात फिरायचा. तळहाताची कड कायम निळी. तिथल्या बाईंनी मला उजव्या हाताने लिहायला लावून पाहिलं. मी लिहिलंही, पण दुसऱ्याच कुणाचं तरी लिहून देते आहे असं वाटायचं.

पास झाले, लग्न झालं आणि केशोरीच्या बाजूच्या एका गावात मुलींच्या शाळेवर लागले. तेव्हा आमचा सगळा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. नवऱ्याची धानाची शेती. ते सातवीपर्यंत शिकलेले, बोलायला कमी. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की, वाढताना उजवा हात वापर, बाकी तुझं तू पाहा. मी शाळेतून आले की त्या मला आधी न्हाणीपाशी बोलवायच्या आणि लिंबाची फोड हातावर चोळून शाई काढायच्या. कणीक निळी व्हायला नको, असं म्हणायच्या. पण कणीक मळायची नसे त्या दिवशीही चोळायच्या.

शाळा तपासायला साहेब आले तेव्हा माझं हजेरीचं पान पाहून म्हणाले, बाई, यावर कोंबडी चालली काय? मुली हसल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र चुलीपुढे बराच वेळ बसून राहिले. जेवताना नवऱ्याला साहेबांचं बोलणं सांगितलं. दोन घास खाऊन झाल्यावर म्हणाले, "धान विकलं का गोंदियाले जाऊ. शाई भरायचं पेन घेऊ तुले."

ते विसरतील असं मला वाटलं होतं. ते विसरले नाहीत. हलकं, म्हणजे लवकर येणारं धान विकलं गेलं तसे आम्ही बैलगाडीने अर्जुनीला आलो आणि छोट्या लाईनच्या, अरुंद रुळांच्या गाडीने गोंदियाला गेलो. बाजारात पेनांचं एक दुकान होतं. काचेच्या पेटीत पेनं ओळीने मांडलेली, काळी, हिरवी, एक दोन तपकिरी. दुकानदार हिंदी बोलणारा, मोठा सज्जन माणूस. त्याने कागद पुढे सरकवला आणि चालवून पाहा म्हणाला. मी दुकानदाराकडे पाठ केली, कागद तळहातावर धरला आणि लिहून पाहिलं. कुणी पाहू नये म्हणून. तळहातावरच्या कागदावर कसं लिहिता येणार? निब कागदातून आरपार गेली.

तेव्हा माझ्या नवऱ्याने सरळ दुकानदाराला सांगितलं, "ये बायें हाथ से लिखती है. उस हिसाब से दिखाओ."

शेजारी उभी असलेली दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहू लागली. माझे कान गरम झाले. नवऱ्याने मात्र स्टूल ओढून दिलं, कागद पेटीवर नीट ठेवला आणि स्वतः माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले. त्यांच्याआड मग मी एकेक पेन चालवून पाहिलं. सगळी अडत होती. कुठलं कमी, कुठलं जास्त. मी म्हटलं, जाऊ द्या, टाकच बरा आहे. त्यावर दुकानदार म्हणाला, "नई निब है बहनजी. लिखते लिखते घिसेगी, फिर आप के हाथ को पकड़ लेगी." पण त्याला किती दिवस लागतील, ते त्यालाही सांगता आलं नाही.

माझ्या बोटांत नीट बसणारं एक बारीक हिरवं पेन नवऱ्याने बांधून घेतलं. घरी आणून मी ते काही दिवस चालवलं. ते कर्रकर्र करायचं, शिरोरेघेला अडायचं. मला पाटी तपासायची घाई, हजेरीची घाई. निब घासली जाण्याची वाट पाहायला सवड कोणाला होती? पेन कोनाड्यात ठेवून दिलं आणि पुन्हा टाक हातात घेतला. मनाला लागलं ते एवढंच, की त्यांनी इतक्या हौसेने आणलेली वस्तू मी वापरत नव्हते.

भारी, म्हणजे उशिरा येणाऱ्या धानाची कापणी सुरू झाली. एका सकाळी ते म्हणाले, तुझं पेन खळ्यावर नेऊ का, लागतं कधी कधी. मी हो म्हटलं. नंतर ते रोजच नेऊ लागले. एकदा जेवताना सासूबाईंचं त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. डाव्या हाताची बोटं निळी होती. त्या म्हणाल्या, आता तूबी डेबरा झाला काय? ते भात कालवत राहिले. सासूबाईंनी जेवण झाल्यावर लिंबाची फोड त्यांच्याही पुढे ठेवली.

कापणीच्या दिवसांत शाळेत मुली कमी येत. एकदा दुपारीच शाळा सोडून मी त्यांची भाकर घेऊन खळ्यावर गेले. धानाचे पुंजणे रचलेले होते. त्यांच्या सावलीत ते पाटावर कागद ठेवून बसले होते, मान वाकडी करून. पेन डाव्या हातात. गूळ बांधून आलेले जाडेभरडे कागद बाजूला पडले होते आणि त्यांवर काठीसारख्या रेघा, वाकडी शिरोरेघ, आणि खाली चिन्नोर, लुचई, चिन्नोर, लुचई अशी धानांचीच नावं, लहान पोराने गिरवल्यासारखी.

"कायले असं करून राहिले?" मी विचारलं.

ते जरा ओशाळले. मग म्हणाले, "तुले शाळेत वेळ नसते. मले इथं राखणच करावी लागते. तुह्या हाताले वळवून राहिलो निबले."

मी भाकरीचं फडकं सोडलं. ते उजव्या हाताने जेवले आणि डाव्या हाताची बोटं चोळत राहिले, कारण त्या हाताला ती सवय नव्हती आणि बोटं आखडत होती. मी त्यांचा हात हातात घेतला आणि पेन किती तिरपं धरायचं ते दाखवलं. ते फार ताठ धरत होते. त्यानंतर मी जमेल तेव्हा दुपारची खळ्यावर जात असे आणि त्यांचं अक्षर तपासत असे. च फार मोठा झाला की सांगायची. ते मुकाट्याने पुन्हा काढायचे.

मळणी आटोपली तेव्हा त्यांनी पेन धुऊन, नवी शाई भरून माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी हजेरी लिहायला घेतली. निब कागदावरून अशी गेली की तिचा आवाज आला नाही. एक नाव लिहिलं आणि शिरोरेघ डावीकडून उजवीकडे ओढून पाहिली, सगळ्या मुलींसारखी. अडली नाही. दुसऱ्या नावाला पुन्हा पाहिलं. मुली पाढे म्हणत होत्या आणि मी लिहितच होते.

ते पेन पुष्कळ वर्षं चाललं. पुढे निब मोडली, दुसरं आणलं, आणि नवं पेन घरात आलं की ते माझ्याकडे न येता आधी खळ्यावर जायचं. सासूबाई सुपारी कातरता कातरता विचारायच्या, झालं का वळून? हे म्हणायचे, "होऊन राहिलं." या सगळ्यात त्यांचं डाव्या हाताचं अक्षर उजव्यापेक्षा चांगलं झालं. पुढे सोसायटीत सही करायची वेळ आली की ते पेन डाव्या हातात घ्यायचे, आणि कोणी विचारलं तर म्हणायचे, घरात बाई आहेत शाळेच्या, त्यांनी शिकवलं.