गाठीवरची चार अक्षरं

गाठींवर छापे मारायला जवसाच्या तेलात कालवलेल्या काजळीचा वास आला की मला अमरावतीचा कापूसबाजार आठवतो आणि तोंड कडू होतं. अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि गोरा साहेब खुशीत असला की आम्हा कारकुनांना खेळ घाली: गाठीवरच्या छाप्यातली चार अक्षरं घ्यायची आणि ती चारही ज्यात येतात असा लांबात लांब इंग्रजी शब्द सांगायचा. त्या दिवशी अक्षरं होती एम, एफ, सी, टी. जो जिंकेल त्याला अकोल्याच्या कचेरीत बढती. मिशनच्या शाळेत शिकलेला मी डोकं खाजवत बसलो. छापे मारणारा म्हातारा निरक्षर, पण अक्षरांचे आकार त्याला पाठ होते. त्यानं कुंचला गाठी दाबायच्या यंत्राच्या विलायती खोक्यावरच्या एका इंग्रजी शब्दाकडे रोखला. "बाबू, थे पाहा. चारी तठीच हायेत." 'मॅन्युफॅक्चरर्स'! मी धावत जाऊन साहेबाला सांगितलं. "तूच शोधलास?" साहेबानं विचारलं. मी मान डोलावली. म्हातारा मागेच उभा होता. इंग्रजी येत नसूनही त्याला सगळं समजलं. संध्याकाळी तो म्हणाला, "माह्यं नाव काहून नाई घेतलं, बाबू?" "तुले वाचता येते काय?" मी खेकसलो. तो कुंचला उचलून पुढच्या गाठीकडे वळला. अकोल्याला निघताना माझ्या ट्रंकेवर इंग्रजीत माझं नाव मी त्याच्याकडूनच, त्याच काजळीनं रंगवून घेतलं. तीस वर्षांत कितीदा घासलं, पण त्यातलं एकही अक्षर निघत नाही.