चिकटलेली चित्रं

नवरा-बायकोनं एकत्र एखादा छंद जोपासावा, असं मला वाटलं. हे मला कुणीही सुचवलेलं नव्हतं.

आमच्या नेपरव्हिल गावातल्या नदीकाठी दर शनिवारी सकाळी आमचा इम्प्रेशनिस्ट चित्रकलेचा ग्रुप जमतो. (माझी लेक ईशा त्याला 'रिटायर्ड पीपल अँड मॉम' म्हणते.) आमच्या टीचर डायान सांगतात, की जुने फ्रेंच चित्रकार असेच शहराबाहेरच्या नदीकाठी जमायचे आणि शेजारी शेजारी इझल, म्हणजे चित्राचे स्टँड, लावून एकच नदी रंगवायचे. वस्तू नाही, तिच्यावरचा उजेड पकडायचा! कित्येक वर्षं कॅनव्हास खराब करून मी एवढंच शिकले होते, की पुलाखालची सावली काळी नसते, जांभळी असते.

आणि या ग्रुपमध्ये मी शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्वतःच्या हातानं घेऊन गेले!

"धूसरच काढायचंय ना? मग यात काय एवढं?" असं म्हणून त्यानं पूल काढला. पूल कसला, ऑफिसच्या प्रेझेंटेशनमधला बाण होता तो! खाली कुळकुळीत काळी सावली.

"काळी नसते रे ती. नीट बघ."

"तू चष्मा बदल."

तेवढ्यात वारा सुटला. माझं इझल त्याच्या इझलवर, दोन्ही गवतावर, आणि ओले कॅनव्हास तोंडाला तोंड लावून चिकटले. सँडविचसारखे!

"थांब, ओढू नकोस!"

"मी हँडल करतो ना!"

त्यानं हँडल केलं. च्यॅक! माझ्या चित्रावर त्याचा काळा बाण उमटला होता. आणि त्याच्या पुलाखाली माझं अख्खं जांभळं पाणी जाऊन थरथरत होतं.

डायान धावत आल्या. "ओ माय गॉड, शिरीष! दॅट वॉटर!"

शिरीषनं चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाला, "थँक यू."

मी हसले. मला वाटलं, गंमत करतोय. मग त्यानं कोपऱ्यात सही केली.

गावातल्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकबाईंनी विचारलं, हा जांभळा कसा सुचला?

"इट जस्ट केम टू मी." (आलं खरं. वाऱ्यानं!)

घरी जाताना गाडीत मी तोंड उघडलं. "रंग कुणाचे होते, शिरीष?"

"कॅनव्हास कुणाचा होता?"

"पाणी माझं होतं!"

"पूल माझाय!"

मागच्या सीटवरून ईशा म्हणाली, "टेक्निकली इट्स अ कोलॅब. कॅन वी गेट फूड?"

"एकदा तरी म्हण ना, तुझं पाणी होतं म्हणून," मी म्हटलं.

"अगं, तुझी इतकी चित्रं आहेत. माझं एक चांगलं झालं, तर एवढं काय?"

तो खोटं बोलत असता तर भांडता आलं असतं. पण त्याला आता तो रंग स्वतः कालवल्याचं आठवायलासुद्धा लागलं होतं! घरी आल्यावर मी माझ्या कॅनव्हासवरचा काळा खरवडून काढला. खाली पांढरं कापड निघालं. ती सकाळ काही निघाली नाही.

पुढे मराठी मंडळानं शिरीषला वर्कशॉप घ्यायला बोलावलं. आदल्या संध्याकाळी तो माझ्यामागे किचनमध्ये घुटमळत राहिला.

"तू येशील ना? म्हणजे... तो जांभळा कसा करायचा, तेवढं जरा..."

मी गेले. (का गेले, ते विचारू नका. मी विचारून पाहिलंय.) शिरीष पुढे उभा राहून उजेडाबद्दल बोलत होता आणि मी मागच्या टेबलावर सगळ्यांसाठी जांभळा कालवत होते. शेजारी बसलेल्या एक काकू माझ्या पॅलेटमध्ये डोकावल्या.

"अगं बाई, किती सुरेख जमलाय तुम्हाला! सरांनी शिकवला?"

"हो ना," मी म्हटलं. "आणि मला तर घरच्या घरी!"