दोषांचा रकाना

देवळाचा अर्धा चढ सरला, तरी मिसाओताईंचं भांड्यांच्या नव्या साबणाचं कौतुक सरेना. कानाझावातल्या आमच्या गल्लीत मिसाओताई एका कंपनीच्या नव्या वस्तू घरी वापरून पाहतात आणि मत लिहून पाठवतात. त्यांचा एकटीचा दिवस त्यात मजेत जातो. पण काल कंपनीचं पत्र आलं: दोषांचा रकाना पुन्हा कोरा आला, तर वस्तू पाठवणं बंद.

“हाताला भेगा पडल्यात ना? तेच लिहा की!” मी म्हणाले.

“अगं, ज्यांनी घरपोच दिलं, त्यांनाच नावं ठेवू? आपल्यात असं करतात का?” त्या हसल्या. “माझं मुळ्याचं लोणचं खारट आहे, असं तोंडावर सांगणारी गल्लीत तू एकटीच. देवानं तुला चांगली तिखट जीभ दिलीय. उद्या चहाला ये आणि तेवढा रकाना भरून दे.”