मुंगीवर राज्य

बाईंचं खरं नाव केंद्राच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचण्याच्या वयाची मंडळी त्यांच्याकडे फारशी येत नसत. येणारी मुलं त्यांना खेळताई म्हणत आणि मुलांचं ऐकून आईबापही तेच म्हणू लागत. औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर मानसोपचाराचं ते लहानसं केंद्र होतं. पॅसेजच्या टोकाची खोली त्यांची. तिथे मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर वाळूची पेटी, समोरची बाजू उघडता येईल असं लाकडी घर, टोपलीभर बाहुल्या आणि रंगाचे हात धुवायला एक बुटकं बेसिन. खोलीला नियम एकच. स्वतःला किंवा दुसऱ्याला लागेल असं काही करायचं नाही, बाकी सगळं चालतं.

सासूबाईंना सुनेचं हे काम कधी नीटसं उमगलंच नाही. "पोरांशी खेळायचा पगार मिळतो म्हणे हिला," त्या शेजारणीला सांगत, "आम्ही चार पोरं फुकटात वाढवली की!" खेळताई हसून सोडून देत. पण खरं सांगायचं तर खेळणं त्यांना फार जड गेलं होतं. भावंडांत त्या थोरल्या आणि आई अंथरुणाला खिळलेली. बरोबरीच्या मुली दोरीवरच्या उड्या मारत तेव्हा या खरकट्या भांड्यांपुढे बसलेल्या. घरात 'खेळ' हा शब्द निघायचा तो कुणीतरी काम टाळलं म्हणूनच. पुढे शाळेत शिकवलं, संसार मांडला आणि तिशी उलटल्यावर त्या खेळातून मुलांना बरं करण्याच्या या उपचाराचं शिक्षण घ्यायला गेल्या. पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या बाईंनी त्यांच्यापुढे ठोकळे ओतले आणि म्हणाल्या, "खेळा." यांनी मोठे एकीकडे, लहान एकीकडे असे ते लावून ठेवले. बाई जवळ आल्या. "अहो, हे तुम्ही आवरताय. खेळा ना."

त्या दिवशी घरी आल्यावर नळाखाली तोंड धुताना खेळताईंना रडू आवरेना. पण त्यांनी चिकाटी सोडली नाही. मुलांमध्ये बसून बसून त्या खेळायला शिकल्या, आणि शिकल्या त्या अशा, की जमिनीवर बसलेल्या या बाईंकडे हट्टातलं हट्टी मूलसुद्धा आपणहून सरकायचं.

अशात त्यांच्याकडे मुंगी आली.

सात-आठ वर्षांची, काडीसारखी. दिवसभर काही ना काही उचलून इकडून तिकडे नेत असायची म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. धाकटा भाऊ गोलमटोल, म्हणून तो ढब्बू. गल्लीत पाण्याचा टँकर मागे घेताना ढब्बू त्याच्याखाली आला आणि जागच्या जागी गेला. पोरं तिथेच खेळत होती, मुंगीसुद्धा. हे सगळं तिच्या आईनं खाली बघत, एका दमात सांगितलं. आई घरी शिवणकाम करायची आणि वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. वडील कामाच्या कपड्यांतच आले होते, पण आत न येता पॅसेजमधल्या बाकावर बसून राहिले.

"तेव्हापासून बोलणं तुटलंय," आई म्हणाली. "हवं-नको तेवढंच. झोपताना डोळे मिटत नाही, पार थकून पडते तेव्हाच मिटतात. आणि शाळेत गणिताला हात लावत नाही. पेपर कोरा. पाढे म्हणायची वेळ आली की दातखीळ बसल्यासारखं तोंड घट्ट. हिचे बाबा म्हणतात, शिकवणी लावू."

"शिकवणी राहू दे," खेळताई म्हणाल्या. "तिला माझ्याकडे खेळू द्या."

मुंगी खेळायला लागली. लाकडी घरात बाहुल्या जेवायच्या, झोपायच्या, उठायच्या. फक्त निळ्या झग्याची एक बाहुली कधी आत यायची नाही. मुंगी तिला घराबाहेर, तोंड भिंतीला लावून उभी करायची आणि बाकीचा खेळ तिच्या पाठीमागे चालायचा. खेळताईंनी प्रश्न विचारले नाहीत. मुलाला प्रश्न विचारला की ते बरोबर उत्तर शोधायला लागतं आणि खेळ थांबतो, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. त्या फक्त दिसेल ते बोलून दाखवायच्या.

"ही भिंतीकडे बघत उभी आहे."

मुंगी बाकीच्या बाहुल्यांना जेवायला वाढत राहिली.

"खूप वेळ उभी आहे ती."

मुंगीनं हळूच मान हलवली. आठवड्यामागून आठवडे गेले. निळी बाहुली तिथेच.

मग एके दिवशी मुंगी आत आली ती थेट पडद्यामागे जाऊन उभी राहिली. पडद्याखाली तिचे मोजे दिसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती आपण होऊन असं काही करत होती. खेळताईंना आनंद झाला, आणि आनंदाच्या भरात त्यांचं भान सुटलं. त्यांनी हातांनी डोळे झाकले आणि गाणं म्हटल्यासारखं मोठ्यानं सुरू केलं, "एक... दोन... तीन..."

पडद्यामागून जी किंकाळी आली तिनं खाली औषधाच्या दुकानातली माणसंसुद्धा वर बघायला लागली. मुंगी धावत आली, तिनं खेळताईंचे हात डोळ्यांवरून ओढून काढले आणि मनगटाला कडकडून चावली. सोडेचना. तिचा झगा ओला झाला होता. दार ढकलून आई आत शिरली.

"काय केलंत तुम्ही हिला?"

"मी... मोजलं. लपाछपी खेळायची असेल असं वाटलं."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "लपाछपी? अहो, तेव्हा हाच खेळ चालला होता! राज्य हिच्यावर होतं! ही भिंतीशी डोळे झाकून उभी, आणि तो टँकरमागे जाऊन लपला!" तिनं पोरीला कडेवर उचललं. एवढी मोठी मुलगी तिला पेलत नव्हती, तरी उचललं. "खेळता खेळता एक लेकरू गेलं माझं. आता हिला नाही खेळवायचं कुणी."

ती निघून गेली. खेळताई जमिनीवरच बसून राहिल्या. इतके आठवडे मुलगी एक बाहुली भिंतीशी उभी करत होती, आणि अपघाताच्या वेळी पोरं कुठला खेळ खेळत होती, एवढा साधा प्रश्न आईला विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाई त्यांच्याहून वयानं मोठ्या, बोलायला रोखठोक. त्यांनी मनगटावर औषध लावलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"चुकलात," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग तसं त्यांना सांगा. फोन करा. सबबी सांगू नका, आणि शास्त्रही सांगू नका."

आईनं फोन घेतला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या खेपेला वडिलांनी उचलला. मागे लिफ्टच्या दाराची खडखड ऐकू येत होती.

"चूक माझी आहे," खेळताई म्हणाल्या. "तुमचा राग रास्त आहे. मुंगीची माफी मला तिच्यासमोर मागायची आहे, मग ती पुढे येवो न येवो."

पलीकडची खडखड थांबली. मग वडील म्हणाले, "पोर गेलं त्या दिवशी ही ओरडली नाही, बाई. रडली पण नाही. शहाण्यासारखी कोपऱ्यात बसली होती. पाहुणे म्हणत होते, किती समजूतदार आहे. परवा तुमच्याकडून घरी येऊन पोटभर रडली. आईच्या कुशीत झोपली, डोळे मिटून." ते घुटमळले. "घेऊन येतो मी."

वडिलांबरोबर मुंगी आली आणि तिचा हात धरून आईही; खेळताईंनी या वेळी आईलाही खोलीत यायला सांगितलं. आधी तिला बाजूला बसवून समजावलं. "तिला काही विचारू नका, समजावू नका, रडू आलं तर लपवू नका. ती हातात जे देईल ते घ्या. बस्स." आईनं मान डोलावली, पण नजर मनगटावरच्या पट्टीवर होती.

मग त्या मुंगीपुढे मांडी घालून बसल्या. "मुंगी, मागच्या वेळी मी तुला न विचारता डोळे झाकले आणि मोजलं. तू घाबरलीस. माझं चुकलं. इथे आता तू म्हणशील तेव्हाच खेळ, आणि तू म्हणशील तसाच."

मुंगीनं पट्टीला बोट लावलं. "दुखतंय?"

"थोडं. भरून येईल."

पहिले काही दिवस आई त्या बुटक्या खुर्चीवर अवघडून बसायची. मशीनवर भराभर चालणारे तिचे हात इथे मांडीवर निकामी पडलेले असायचे. मुंगी तिला खोटा चहा द्यायची, ती पिऊन टाकायची. एकदा चुकून "साखर कमी आहे" म्हणाली, तर मुंगी फिसकन हसली आणि आपण हसलो याचं तिलाच नवल वाटल्यासारखं पटकन तोंड दाबून बसली. खेळताईंनी वाळूकडे बघितल्यासारखं केलं.

त्यानंतर एका दुपारी मुंगीनं टोपलीतलं सगळ्यात लहान बाळ काढलं, वाळूच्या पेटीत नेलं आणि एका खेळण्यातल्या गाडीमागे ठेवलं. निळी बाहुली उचलून तिनं आईच्या हातात दिली, आईचा हात धरला आणि ती बाहुली भिंतीला टेकवली. आईनं बाहुली सोडली नाही.

"ही..." आईला राहवलं नाही. "ही काय करते?"

विचारायचं नाही, असं खेळताईंनी बजावलं होतं. पण आता तिला थांबवणंही बरोबर झालं नसतं.

"मोजते," मुंगी म्हणाली.

मुंगीनं मान भिंतीकडे वळवली.

"हळू मोजते. ढब्बू लहान ना. त्याला लपायला वेळ लागतो. मग सगळे त्यालाच आधी पकडतात आणि तो रडतो. म्हणून मी हळूऽहळू मोजलं." ती भिंतीकडेच बघत होती. "भरभर मोजलं असतं ना, तर टँकर मागे यायच्या आत मी त्याला शोधलं असतं."

खाली रस्त्यावर एक दुचाकी सुरू झाली आणि दूर गेली. आई खुर्चीवरून घसरत जमिनीवर आली, तशीच गुडघ्यांवर सरकत मुंगीच्या शेजारी भिंतीशी गेली.

"तुम्हाला बाहेर कुणी पाठवलं होतं, मुंगी?"

मुंगीनं तिच्याकडे बघितलं.

"मी पाठवलं. गिऱ्हाईक यायचं होतं, काम राहिलं होतं, आणि तुम्ही दोघं पायांत पायांत येत होतात. मी ओरडले, जा गं, त्याला घेऊन बाहेर खेळ. मशीनवर बसले की मला अजून माझंच ओरडणं ऐकू येतं. घरात कुणालाच सांगितलं नाही मी."

"तू पण?" मुंगी म्हणाली.

"मी पण."

मग दोघी रडल्या, आवाज काढून, नाकं गळेपर्यंत. खेळताईंचेही डोळे भरले होते, पण त्यांनी दोघींना थांबवलं नाही आणि त्या मध्येही पडल्या नाहीत. हुंदके ओसरल्यावर त्या सरकून जवळ बसल्या. मुलांशी बोलताना काही गोष्टी आडपडद्यानं सांगून चालत नाही.

"मुंगी, टँकर मागे आला आणि चालवणाऱ्याला ढब्बू दिसला नाही, म्हणून तो गेला. तू हळू मोजलंस म्हणून नाही. आईनं बाहेर पाठवलं म्हणून नाही."

"नक्की?"

"नक्की. आणि परत विचारावंसं वाटलं तर परत विचार. मी परत सांगेन."

मुंगीनं ते खूपदा विचारलं. कधी वाळूत हात खुपसून, कधी जाता जाता दारातून. दर वेळी खेळताईंनी तेच, त्याच शब्दांत सांगितलं. आईनं मात्र रडल्या त्या दुपारीच पॅसेजमध्ये नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. त्याचं बोलणं खोलीपर्यंत आलं नाही. खेळताईंनी दार उघडलं तेव्हा दोघं बाकावर बसले होते आणि त्यानं बायकोची पर्स आपल्या मांडीवर धरून ठेवली होती. पुढच्या वेळी तो आत आला. हातमोजे घालायच्या सवयीचे त्याचे दणकट हात बाहुलीचा झगा चढवताना घामाघूम झाले. मुंगीनं त्याला दटावलं, "बाबा, बाही उलटी!"

सगळं जादूनं सुतासारखं सरळ झालं, असं नाही. मुंगीनं आकडे तोंडात घेतले तेही खेळातल्या दुकानात, लिमलेटच्या गोळ्या मोजताना, आणि मध्येच एका आकड्यावर अडून गोळ्या फेकून दिल्या. गणितात ती वर्षभर मागेच राहिली. काही रात्री अजूनही जागाव्या लागत. ढब्बूचा विषय निघाला की वडील अजून उठून पाणी प्यायला जात. पण घरात त्याचं नाव निघू लागलं, त्याच्या खोड्या निघू लागल्या. एक दिवस मुंगीनं निळ्या बाहुलीला घरात नेलं, पांघरूण घातलं आणि त्यानंतर तिच्याकडे फारसं बघितलंच नाही. तिला रंग हवे होते. केंद्रात येणं हळूहळू कमी झालं आणि मग थांबलं.

या कामात एक रिवाज आहे. मूल बाहेर कुठे भेटलं, तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्याला दाखवावीशी वाटली तर त्यानं दाखवावी. पुढच्या वर्षी खेळताई भाजीबाजारात उभ्या असताना समोरून मुंगी आली, उंच झालेली, समोरचे दात मोठे, दोन मैत्रिणींशी कशावरून तरी तावातावानं भांडत. मागे आई. आईचा हात अर्धा वर आला. मुंगीची नजर खेळताईंवरून गेली, क्षणभर थबकली, आणि मग "आई, चल ना, त्या दोघी पुढे गेल्या बघ!" म्हणत तिनं आईला ओढून नेलं.

खेळताईंना बरं वाटलं, आणि थोडं एकटंही वाटलं. भाजीवाल्यानं दुसऱ्यांदा विचारलं, "ताई, काय देऊ?" तेव्हा त्या भानावर आल्या आणि त्यांनी पिशवी उघडून पुढे धरली.