गुलाबी डोक्याचं बदक

माझी बायको शालिनी रंग आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर तपासायची, मग कागदावर लावायची. त्यामुळे आमच्या घरात वाढलेल्या ताटाच्या कडेला कधी पिवळा, कधी तपकिरी ठसा असायचाच. मी ओरडलो की म्हणायची, "पोटात गेला तर काय पिसं फुटणारेत?"

मी सातवी नापास. दिल्लीत हौज खासच्या एका दुकानात चित्रांना चौकटी लावायचो. तिथे जुनी इंग्रजांच्या काळातली पक्ष्यांची चित्रं यायची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, नुसती काळी. दुकानाचे सेठजी म्हणायचे, "भाभीजी, रंगीन हो तो बिकती है." म्हणून ही मुनिरक्याच्या आमच्या खोलीत खिडकीशी बसून ती रंगवायची. डोळा अगदी शेवटी. "आधी केला तर तो माझ्याकडे बघत बसतो, हात चालत नाही," म्हणायची.

एकदा एक बदक आलं. खाली बारीक इंग्रजी अक्षरात नाव होतं, ते आम्हाला कुठे वाचता येतंय! बदकाचं डोकं हिरवं असतं, हे तिने चिडियाघरात पाहिलेलं. हिरवं केलं. विकलंही गेलं.

पुढे कधीतरी आमची मंजू मोबाइलवर पक्षी दाखवत होती. तेच बदक निघालं. "आई, याचं डोकं गुलाबी होतं गं. आता हे जगात नाही. कित्येक वर्षांत कुणाला दिसलेलं नाही."

ही जेवली नाही त्या दिवशी. मी म्हणालो, "मेलेलं बदक ते. कुणाला कळतंय?"

"कुणाला कळत नाही म्हणूनच तर! पोपट निळा केला असता तर शेंबडं पोरही हसलं असतं मला. याचं कोण सांगणार?"

सेठजींना एवढंच आठवत होतं की चित्र गुडगावच्या एका मोठ्या सोसायटीत गेलं. ही पिशवीत रंगांचा डबा घालून बसने गेली. गेटवरच्या गार्डने विचारलं, "अम्माजी, किस फ्लैट में जाना है?" हिला काय ठाऊक! तीनदा गेली, तीनदा परत आली. चौथ्यांदा निघाली तेव्हा मी डबा लपवला. वेड लागलंय तुला, असंही म्हणालो. मग तिने ब्रश धरलाच नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटली.

मागच्या वर्षी ती गेली. आजारातले फोटो बघवत नाहीत, म्हणून मंजूने आमच्या लग्नातला काळा-पांढरा फोटो स्टुडिओतून रंगीत करून आणला. साडी निळी.

"अगं, डाळिंबी होती. तिच्या आईने दिलेली."

"राहू दे ना बाबा. छान दिसतेय. आता कुणाला कळतंय?"

 

मंजू सासरी परत गेल्यावर मी लपवलेला तो रंगांचा डबा काढला. लाल रंग वाळून खडा झालेला. पाण्यात कालवून नखावर लावून पाहिला. डाळिंबी म्हणजे नेमका कसा, ते मलाही नीट आठवेना. तरी फोटोवर ब्रश टेकवला. चकचकीत कागद तो, रंग धरत नाही. थेंब जमून तिच्या हातावरून खाली ओघळला.

फडक्याने पुसून काढला. साडी निळीच आहे.